ॲपल पायला सफरचंद आंबटच हवं

इंग्लंडच्या शरद ऋतूतला ॲपल पाय आपल्याकडे केला आणि तो नुसताच गोड, सपक झाला, की बोल लागतो तो ओव्हनला नाहीतर मैद्याला. दोष बहुधा फळाचा असतो. सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे झाडावरून उतरणारं ब्रॅम्ली हे सफरचंद इतकं आंबट, की ते नुसतं चावून खाणारा विरळाच. ते लावलं जातं रांधण्यासाठी. लोणच्याला आपण पाडाचा आंबा घेत नाही, त्यातलाच हा प्रकार. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावात मेरी ॲन ब्रेल्सफर्ड या मुलीने 1809 मध्ये लावलेल्या बियांतून पहिलं झाड उगवलं. 1846 मध्ये ते झाड असलेलं घर मॅथ्यू ब्रॅम्ली नावाच्या खाटकाने विकत घेतलं. पुढे 1856 मध्ये हेन्री मेरीवेदर हा तरुण रोपवाटिकावाला कलमासाठी काड्या मागायला आला, तेव्हा फळाला आपलं नाव द्यायचं, या अटीवर ब्रॅम्लीने होकार दिला. (बी लावणारीचं नाव राहिलं बाजूला.) आजचं प्रत्येक ब्रॅम्ली त्याच एका झाडाचं कलम आहे. कच्चं खाता न येणारं फळ लोकांनी दीडशेहून अधिक वर्षं जपलं, ते त्याचं भट्टीतलं वागणं पाहून. उष्णतेने त्याचा गर फुलून मऊ, फेसाळ होतो आणि मॅलिक आम्लाचा आंबटपणा शिजल्यावरही टिकतो. वरून घातलेली साखर आणि कवचातलं लोणी यांना तोलून धरायला समोर काहीतरी लागतं. ते काम हा आंबटपणा करतो. 1390 च्या सुमाराच्या ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या इंग्रजी पाकग्रंथातल्या सफरचंदाच्या पायमध्ये तर साखर नाहीच. तिथे गोडवा येतो अंजीर आणि मनुकांतून.

यावर कोणी म्हणेल, मग गोड सफरचंदावर लिंबू पिळावं की! पिळावं, थोडा फरक पडतोही. पण लिंबू आपला स्वतःचा वास घेऊन येतं, आणि त्याने डेलिशियससारख्या गोड सफरचंदाचा गर काही ब्रॅम्लीसारखा फुलत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फ्रान्समध्ये तार्त तातँ या सफरचंदाच्या पदार्थाला गोल्डन डेलिशियससारखी गोड सफरचंदंही चालतात, त्याचं काय? चालतात, कारण तिथे फोडी अखंड राहायला हव्या असतात आणि गोडव्याला आवर घालायला करपवलेल्या साखरेचा कडवटपणा हजर असतो. तो पदार्थच निराळा. त्याच्या यशावरून इंग्रजी पायला कुठलंही सफरचंद चालतं, असं ठरत नाही.

आपल्या बाजारात आंबट सफरचंद सहसा का दिसत नाही, यालाही इतिहास आहे. कॅप्टन ली यांनी 1870 मध्ये कुलूजवळ बंदरोलला बाग केली ती इंग्रजी जातींची. पण पुढे बाजी मारली सॅम्युअल स्टोक्स यांनी अमेरिकेतून आणून कोटगढला लावलेल्या डेलिशियसने. कापून तशीच खायची फोड आपल्याला गोड हवी होती, आणि बागाईतदारांनी गिऱ्हाइकाचं ऐकलं. त्यात चूक काहीच नाही. पण पायची कृती आपल्यापर्यंत आली ती तिच्या फळाशिवाय. मुंबई-पुण्यात मिळणारं हिरवं ग्रॅनी स्मिथ त्यातल्या त्यात जवळचं. त्याच्या फोडी ब्रॅम्लीइतक्या विरघळत नाहीत, म्हणून निम्म्या फोडी चमचाभर पाण्यात, दोन लवंगा टाकून आधी मऊ शिजवाव्यात आणि उरलेल्या कच्च्याच मिसळाव्यात. सारण पूर्ण गार झाल्यावरच भरावं, नाहीतर लोणी वितळून तळाचं कवच ओलं राहतं. वाफ जायला वरच्या पोळीला चिरा द्याव्यात. साखर मात्र शिजलेला गर चाखूनच घालावी, कारण इंग्रजी पुस्तकातलं माप पुष्कळदा ब्रॅम्लीसाठी असतं.