कर्करुग्ण बालकांची अंत्यकालीन शुश्रूषा : नैतिक निर्णय

कर्करोग बरा होण्याची वाजवी आशा उरलेली नाही अशा बालरुग्णाच्या अखेरच्या काळात रोगनाशक उपचार चालू ठेवावेत की थांबवावेत, वेदनाशमन कसे व किती करावे, रुग्णाला त्याची स्थिती सांगावी की नाही आणि कृत्रिम जीवनाधार वापरावा की नाही, यांविषयीचे निर्णय या विषयात मोडतात. प्रौढ रुग्णाच्या बाबतीत हे प्रश्न बव्हंशी त्याच्या स्वतःच्या संमतीच्या आधारे सोडविता येतात. बालकाला असा कायदेशीर अधिकार नसतो. निर्णय मातापिता व चिकित्सक घेतात आणि त्याचे परिणाम मात्र बालक आपल्या शरीरावर भोगते. या विषयातील बहुतेक अडचणींचे मूळ या विषम विभागणीत आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रश्न आजच्या स्वरूपात उद्‌भवतच नव्हता, कारण तीव्र ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेले मूल थोड्याच अवधीत दगावत असे. १९४८ मध्ये बॉस्टन येथील सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरीन हे औषध दिलेल्या १६ मुलांपैकी १० मुलांत तात्पुरती सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध केले. तेथून बालकर्करोगाच्या रासायनी चिकित्सेस प्रारंभ झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आज उच्च उत्पन्नाच्या देशांत ८० टक्क्यांहून अधिक कर्करुग्ण मुले बरी होतात, तर अल्प उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांपेक्षा कमी आहे. रोग बरा होण्याची शक्यता जसजशी वाढली, तसतसे ‘आता थांबावे’ असे म्हणणे चिकित्सकाला व पालकांना अधिक कठीण होत गेले. रोग उलटल्यावर दुसरे, मग तिसरे औषध उपलब्ध असतेच आणि प्रत्येकाची यशाची शक्यता आधीच्यापेक्षा कमी असते.

मुलाला सत्य सांगावे काय, हा या सर्वांतील सर्वांत जुना व अद्यापि न सुटलेला प्रश्न होय. मुलाला मृत्यूची कल्पना नसते आणि ती करून देणे हे क्रौर्य आहे, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ महिलेने एका रुग्णालयातील ल्युकेमियाग्रस्त लहान मुलांमध्ये राहून केलेले संशोधन १९७८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि या समजुतीला मोठा धक्का बसला. कोणीही स्पष्ट सांगितलेले नसता या मुलांना आपला रोग जीवघेणा आहे हे ठाऊक झालेले होते. औषधांची नावे व त्यांचे परिणाम, रोग ओसरणे व पुन्हा उलटणे आणि शेवटी शेजारच्या खाटेवरील सोबत्याचा मृत्यू, अशा क्रमाने हे ज्ञान त्यांना होत गेले. वयापेक्षा अनुभव येथे अधिक महत्त्वाचा ठरला. विशेष म्हणजे, आपल्याला ठाऊक आहे हे मुले पालकांपासून लपवीत असत. पालक बहाणा करीत आणि मुलेही पालकांसाठी तोच बहाणा सांभाळीत. ज्याला जपावयाचे तेच वडीलधाऱ्यांना जपू लागते, ही गोष्ट मौनाचे समर्थन करणाऱ्यांनी अवश्य विचारात घ्यावी.

स्वीडनमध्ये कर्करोगाने अपत्य गमावलेल्या ४२९ पालकांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलाशी मृत्यूविषयी बोललेल्या १४७ पालकांपैकी एकालाही त्याचा पश्चात्ताप झालेला नव्हता. न बोललेल्यांपैकी मात्र सुमारे २७ टक्के पालकांना आपण बोललो नाही याची खंत वाटत होती. हे निष्कर्ष सर्व समाजांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. भारतात ‘त्याला काही सांगू नका’ ही पालकांची चिकित्सकाला केलेली पहिली विनंती असते आणि तिच्यामागे प्रेमच असते. तथापि सांगणे म्हणजे रोगाचे निदान मुलासमोर उच्चारणे नव्हे. मूल काय विचारते ते ऐकणे, ‘मी घरी कधी जाणार?’ या प्रश्नामागे दुसरा प्रश्न आहे काय ते पाहणे, विचारले तेवढ्याचे खरे उत्तर देणे आणि विचारले नाही ते न लादणे, असा मार्ग अनुभवी परिचारिका फार पूर्वीपासून अनुसरीत आल्या आहेत. खोटे उत्तर एकदा उघडे पडले की, मूल पुढे प्रश्न विचारणेच सोडते. त्यानंतर त्याच्या वेदना व भीती यांची माहिती मिळण्याची वाट बंद होते.

निर्णय कोणी घ्यावा, यासंबंधी सर्वत्र मान्य असलेली कसोटी म्हणजे बालकाचे सर्वोत्तम हित. पण हिताचा अर्थ लावणे सोपे नसते. इंग्लंडमध्ये १९९५ साली केंब्रिज येथील आरोग्य प्राधिकरणाने एका दहा वर्षांच्या ल्युकेमियाग्रस्त मुलीच्या पुढील उपचारास निधी देण्याचे नाकारले. आधी रासायनी चिकित्सा आणि ती यशस्वी झाल्यास दुसऱ्यांदा अस्थिमज्जारोपण, असा हा एकूण ७५,००० पौंडांचा उपचार होता. प्रत्येक टप्प्याच्या यशाची शक्यता १० ते २० टक्के, म्हणजे दोन्ही मिळून फार तर ४ टक्के, अशी सांगितली गेली. मुलीला आणखी यातना देऊ नयेत असे तिच्यावर उपचार करणाऱ्या चिकित्सकांचे मत होते. वडील हार मानण्यास तयार नव्हते. अपील न्यायालयाने प्राधिकरणाच्या बाजूने निर्णय दिला. पुढे एका दात्याच्या साहाय्याने खाजगी उपचार झाले आणि मुलगी १९९६ मध्ये मरण पावली. मिळालेले वर्ष सार्थकी लागले, असे काहींना वाटले. काहींना तो निष्फळ अट्टाहास वाटला. या वादात वृत्तपत्रे, न्यायाधीश व तज्ञ पुष्कळ बोलले. त्या मुलीचे मत निर्णायक ठरावे अशी योजना मात्र त्या साऱ्या व्यवस्थेत कोठेच नव्हती.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेने स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या बालकाला ते मांडण्याचा आणि वय व परिपक्वता यांनुसार त्या मताला महत्त्व मिळण्याचा हक्क दिला. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात सहभागी होणाऱ्या सात वर्षांवरील मुलाची स्वतःची अनुमती घ्यावी लागते. नेहमीच्या उपचारांत असे बंधन नाही. वस्तुतः तिसऱ्यांदा रासायनी चिकित्सा घ्यावी की घरी जावे, हा प्रश्न दहा-बारा वर्षांच्या मुलाला कोणत्याही संशोधनापेक्षा अधिक जवळचा असतो.

उपचार न देणे वा काढून घेणे आणि जीव घेणे यांत नीतिशास्त्र व कायदा दोन्ही भेद करतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने असाध्य रुग्णाचा कृत्रिम जीवनाधार काढून घेण्यास मान्यता दिली व २०२३ मध्ये त्याची कार्यपद्धती सुलभ केली. तीनुसार रुग्णालयातील प्राथमिक व दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांचे मत आवश्यक असते. आगाऊ निर्देश केवळ प्रौढ व्यक्तीच करू शकते. त्यामुळे बालकाच्या बाबतीत, असे निर्देश नसलेल्या रुग्णांसाठीची कार्यपद्धती हाच जवळचा आधार ठरतो. याउलट बेल्जियमने २०१४ मध्ये, समज असलेल्या असाध्य रुग्णबालकाच्या स्वतःच्या विनंतीवरून व पालकांच्या संमतीने दयामरण देण्यास वयाची अट न ठेवता परवानगी दिली. भारतात ते बेकायदेशीर आहे.

दयामरणावरील चर्चा लक्ष वेधून घेते. पण बहुसंख्य मुलांच्या दृष्टीने खरा प्रश्न वेदनेचा असतो. कर्करोगाने दगावलेल्या १०३ मुलांच्या पालकांची बॉस्टन येथील पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. तीनुसार ८९ टक्के मुलांनी अखेरच्या महिन्यात निदान एका लक्षणाचा तीव्र त्रास सोसला आणि वेदनेवर उपचार झालेल्यांपैकी केवळ २७ टक्के मुलांत ते यशस्वी ठरले. साधनसंपन्न रुग्णालयांतील ही स्थिती होती. तीव्र वेदनेवर मॉर्फीन हे प्रभावी व स्वस्त औषध आहे. त्याने श्वसन मंदावून मृत्यू लवकर येईल, या भीतीने ते पुष्कळदा नाकारले जाते. वेदना शमविण्याच्या हेतूने दिलेल्या औषधाचा अनपेक्षित नसला तरी अनिष्ट असा परिणाम नैतिक दृष्ट्या क्षम्य ठरतो, असे ‘द्विविध परिणामा’चे तत्त्व सांगते. प्रत्यक्षात वेदनेच्या प्रमाणात क्रमाने वाढविलेल्या मात्रेने आयुष्य कमी होते असे आढळलेले नाही. म्हणून या तत्त्वाचा आश्रय घेण्याची वेळ क्वचितच येते. मुलाला सवय लागेल ही भीती तर अशा प्रसंगी अप्रस्तुतच होय.

भारतात कायदेशीर परवान्याने अफूचे पीक घेतले जाते, तरीही १९८५ च्या अमली पदार्थविषयक अधिनियमानंतर रुग्णालयांतील मॉर्फीनचा वापर अतिशय घटला. अनेक परवाने व शिक्षेची धास्ती यांमुळे औषधदुकाने व रुग्णालये ते ठेवीनाशी झाली. २०१४ च्या दुरुस्तीने मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांसाठी प्रक्रिया सोपी केली. तरी मोठ्या शहरांबाहेर ते मिळणे दुर्घटच आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रांत उपचारांसाठी शेकडो किलोमीटरांवरून कुटुंबे येतात. जवळचे पैसे संपलेले असतात, दुसरी भावंडे गावी आजीकडे ठेवलेली असतात आणि रोग आवरत नाही असे कळल्यावर मुलाला घरी न्यावयाचे असते. मुलाचीही इच्छा बहुधा तीच असते. अशा वेळी ‘घरी न्या’ हा सल्ला, तोंडाने घ्यावयाच्या मॉर्फीनचा पुरेसा साठा, मात्रा वाढविण्याच्या लेखी सूचना, गावाजवळील चिकित्सकाच्या नावे पत्र आणि कोणत्याही वेळी विचारता येईल असा दूरध्वनी क्रमांक यांच्यासह दिला, तरच ती शुश्रूषा ठरते. यांतील काहीही न देता केलेली पाठवणी कागदोपत्री पालकांच्या इच्छेने झालेली रजा म्हणून नोंदली जाते.