हँडल किती उंच असावे?

गुलमर्गच्या बर्फात स्नोमोबाइलवरून फेरी मारून आलेल्यांना ते वाहन आठवत असेल. पुढे वळणाऱ्या दोन स्की, मागे बर्फ उकरत फिरणारा लांब रबरी पट्टा आणि वर मोटारसायकलसारखे हँडल. पर्यटकाची फेरी बसूनच होते, त्यामुळे हँडल किती उंच आहे याकडे त्याचे लक्ष जात नाही. पण कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, रेव्हलस्टोकच्या आसपासच्या डोंगरांत भुसभुशीत बर्फातून हे वाहन चालवणाऱ्यांसाठी ही उंची जिव्हाळ्याचा विषय असते. स्टिअरिंगचा दांडा संपतो आणि हँडल सुरू होते, त्या दोहोंच्या मध्ये बसणारा धातूचा तुकडा म्हणजे रायझर. तो दोन इंचांपासून सहा-सात इंचांपर्यंत निरनिराळ्या उंचीचा मिळतो, आणि निवड करताना मन सहज उंच रायझरकडे झुकते. या लेखाचे म्हणणे वेगळे आहे. उभे राहिल्यावर पाठ वाकवावी लागणार नाही एवढी उंची मिळाली की तिथेच थांबावे. त्यापुढचा प्रत्येक सेंटिमीटर जेवढे देतो त्याहून अधिक काढून घेतो, आणि हे तरफेच्या साध्या गणिताने दाखवता येते.

उंचीची ओढ निराधार मुळीच नाही. क्वेबेकमधल्या व्हॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए यांची ‘स्की-डू’ १९५९ मध्ये बाजारात आली. त्यानंतर कित्येक दशके स्नोमोबाइल हे प्रामुख्याने बसून चालवायचे वाहन राहिले. चालक मागच्या अंगाला बसे, पाय पुढे ताणलेले असत आणि हँडल बसल्या जागी हाताला येईल इतकेच वर असे. १९९०च्या दशकात स्नोक्रॉस शर्यतींमध्ये कॅनडाच्या ब्लेअर मॉर्गनने मोटोक्रॉसची रीत बर्फावर आणली. उंचवट्यांवर उभे राहायचे, धक्के गुडघ्यांनी पेलायचे आणि वजन पुढे ठेवायचे. ‘स्की-डू’ने २००३ सालच्या ‘रेव्ह’ मॉडेलमध्ये चालकाची जागाच पुढे सरकवली आणि पुढे इतर कंपन्यांची रचनाही त्याच दिशेने गेली. उभ्या माणसाचे हात बसलेल्या माणसाच्या हातांपेक्षा वर असतात, म्हणून हँडलही वर आले. म्हणजे उंचीमागचे कारण उभे राहणे हे होते. ज्या उंचीवर माणूस नीट उभा राहू शकतो, तिथे ते कारण पूर्ण होते.

आता गणित पाहू. डोंगरात हँडलला दोन कामे असतात. एक स्की वळवण्याचे, दुसरे अख्खे वाहन एका अंगावर कलंडवण्याचे. उतार आडवा कापत जाताना वाहन सपाट ठेवले तर ते खाली घसरते. म्हणून चालक चढाच्या बाजूच्या पायपट्टीवर उभा राहतो, हँडल स्वतःकडे ओढतो आणि वाहन त्या बाजूच्या कडेवर तोलून धरतो. इथे उंच हँडलचा फायदा खरोखर मिळतो, कारण ओढ जितकी उंचावरून तितके वाहन कलंडवणे सोपे. पण हा फायदा किती? हँडल बर्फापासून १०० सेंटिमीटरवर आहे असे धरू. रायझर ५ सेंटिमीटरने वाढवला तर तरफेचा हात १०५ सेंटिमीटर होतो, म्हणजे नफा ५ टक्के. तीच ओढ रायझरच्या पायथ्याशी काय करते ते पाहा. रायझर १० सेंटिमीटरचा असताना २०० न्यूटनची, म्हणजे सुमारे २० किलो वजन उचलायला लागेल एवढी ओढ तिथे २० न्यूटन-मीटरचे वाकवणारे बलाघूर्ण निर्माण करते. रायझर १५ सेंटिमीटरचा केला की ते ३० न्यूटन-मीटर होते. वाहन कलंडवण्यातला नफा ५ टक्क्यांचा आणि जोडावरचा ताण ५० टक्क्यांनी जास्त! चांगल्या प्रतीचा जोड हा ताण सहज सोसतो, तुटण्याची भीती बाळगायचे कारण नाही. पण जोड किंचित लवतो, बोल्ट सैल होण्याकडे झुकतात, आणि हात हलणे व स्की वळणे यांच्यात सूक्ष्म अंतर पडते. स्कीखाली कठीण बर्फ आहे की मऊ, हे चालकाला तळहातांतून कळत असते. लवणारा जोड ही खबर बोथट करतो.

दुसरी किंमत चटकन दिसत नाही. स्टिअरिंगचा दांडा सरळ उभा नसतो, वर येताना तो चालकाकडे कललेला असतो. रायझर त्याच रेषेत वर गेला तर हँडल त्या अक्षाभोवती स्वच्छ फिरते. पण उंची वाढवताना रायझर बहुधा पुढे किंवा मागे झुकवला जातो, आणि रायझर जितका उंच तितके या झुकण्याने हँडल अक्षापासून दूर जाते. समजा ते ५ सेंटिमीटर मागे गेले. मग ३० अंश वळवताना हँडलचा मध्यभाग सुमारे अडीच सेंटिमीटर बाजूला सरकतो, तोही वळणाच्या उलट दिशेने. होडीच्या सुकाणूची मूठ जशी उजवीकडे वळण्यासाठी डावीकडे ढकलावी लागते, तसाच हा प्रकार. सपाट वाटेवर ही सरक जाणवणारही नाही. पण एका पायावर तोल धरून उतार कापणाऱ्याचा हाताचा आधार नेमक्या मोक्याच्या क्षणी हलतो. शिवाय वाहन कलले की उंच हँडल छातीकडे येते आणि कोपर वाकवायला जागा उरत नाही.

उंचीइतकेच महत्त्व हँडलच्या आकाराला आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. डोळे मिटून मुठीत काठी सैलसर धरली तर ती हाताच्या रेषेला काटकोनात न राहता थोडी तिरपी बसते. म्हणूनच हँडलची टोके मागे वळवलेली असतात. हा वळसा कमी पडला तर मनगट एका बाजूला मुरडते किंवा कोपरे बाहेर फेकावी लागतात. मुरडलेल्या मनगटाची पकड दुबळी होते, ती भरून काढायला माणूस मूठ अधिक आवळतो, आणि मूठ जितकी आवळावी तितका इंजिनाचा व पट्ट्याचा कंप हातात जास्त शिरतो. थंडीत बोटांच्या रक्तवाहिन्या आधीच आकुंचलेल्या असतात. फिनलंड आणि स्वीडनच्या उत्तर भागात रेनडिअर राखणाऱ्या सामी लोकांनी १९६०च्या दशकात स्नोमोबाइल रोजच्या कामासाठी स्वीकारली. दिवसाचे कित्येक तास तिच्यावर घालवणाऱ्या या गुराख्यांमध्ये बोटे पांढरी व बधिर पडण्याचा विकार संशोधकांनी नोंदवला आहे. युरोपीय संघाच्या २००२ च्या नियमांनुसार हाताला बसणारा कंप आठ तासांच्या हिशेबाने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका झाला की मालकाने तो कमी करण्याचे उपाय योजायचे असतात आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. हँडलची निवड हा आरोग्याचाही विषय आहे, तो असा.

यावर एक आक्षेप असा की उंच माणसाने काय करायचे? त्याला उंच रायझर लागेलच, आणि वरचा नियम त्याच्या आड येत नाही. नियम सेंटिमीटरचा नाही, शरीराचा आहे. सहा फुटी माणसाला बुटके हँडल दिले तर तो कमरेतून वाकेल, वजन हातांवर टाकेल आणि स्टिअरिंगच जड करून ठेवेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: डोंगरातले निष्णात चालक बहुधा उभेच असतात, मग त्यांच्यासाठी उंच हँडलच योग्य नव्हे का? पण निष्णात चालक वाहन मुख्यतः पायांनी आणि वजन सरकवून कलंडवतो, हातांची ओढ त्याला कमी लागते. त्याच्या सवयीचे हँडल नवशिक्याने उचलले तर उंची मिळते, तंत्र मिळत नाही. तिसरा आक्षेप असा की रायझरऐवजी रुंद हँडल का घेऊ नये? ७५ सेंटिमीटरचे हँडल ८० चे केले तर स्की वळवायला लागणारा जोर सुमारे ६ टक्क्यांनी कमी होतो, पण हात तेवढाच जास्त फिरवावा लागतो आणि दाट झाडीत टोके अडकतात. तरफ फुकट काहीच देत नाही.

निवडीचा क्रम यातूनच ठरतो. आधी उभे राहावे, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, कोपरे थोडी वाकलेली, आणि तळहात जिथे येतील तिथे हँडल आणावे. सुरुवात कमी उंचीने करून थोडे थोडे वाढवत जावे. रायझर शक्यतो दांड्याच्या रेषेत ठेवावा. मग हँडल पकडीत फिरवून असे बसवावे की उभे असताना मनगट सरळ राहील, आणि त्यानंतरच ब्रेकची मूठ व अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल जुळवावा. शेवटचे काम कधीही टाळू नये. हँडल वर गेले की थ्रॉटलची केबल, ब्रेकची नळी आणि मुठी गरम ठेवणाऱ्या तारा ताणल्या जातात. इंजिन बंद ठेवून हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून पाहावे. त्या वेळी केबल ओढली गेली तर चालत्या वाहनात थ्रॉटल आपोआप उघडेल, तेही पूर्ण वळणात, म्हणजे चालकाला वेग कमी हवा असतो नेमक्या त्या क्षणी. केबल ताणली जात असेल तर लांब केबल घालावी, नाहीतर रायझर उतरवावा. पाठ सरळ राहत असेल, तर उतरवणेच बरे.