कापूस बाजारातील अरबी

'मालाची किंमत ठरली, दलालाने हिशेब केला आणि खर्च वजा जाता बाकी रक्कम जमा झाली.' अकोला-अमरावतीकडच्या कापूस बाजारात शोभणाऱ्या या वाक्यात अरबी शब्द किती, मोजा बरे! माल, किंमत, दलाल, हिशेब, खर्च, वजा, बाकी, रक्कम, जमा : चांगले नऊ!

हे शब्द थेट अरबस्तानातून आले नाहीत. अचलपूरची इमादशाही, मोगल व निजाम यांच्या काळी वऱ्हाडचे दफ्तर फारसीत असे. फारसीने अरबीतून उचललेले शब्द दफ्तरातून बाजारात उतरले.

अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. ह-स-ल म्हणजे मिळणे. त्यापासून 'महसूल' झाला. 'रडून काय हशील?' यातील 'हशील'ही त्याच कुळातला.

मात्र प्रवासात अर्थ बदलतात. अरबीत 'रकम' म्हणजे आकडा आणि 'माल' म्हणजे संपत्ती. नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मीने बीजगणितात अज्ञात संख्येच्या वर्गालाच 'माल' म्हटले! म्हणून अरबी शिकताना ओळखीच्या शब्दाचाही अर्थ तपासून घ्यावा. 'केवढ्याला?' हे विचारायला मात्र नवा शब्द हवा : 'बिकम?'

आणि ज्या क्विंटलने कापूस मोजतात, तो? 'शंभर' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून अरबी 'किंतार' झाला, तो युरोपात 'क्विंटल' बनला आणि दशमान पद्धतीत 100 किलोग्रॅमचा ठरला.

आता घरची जमाखर्चाची वही उघडा आणि असे आणखी शब्द शोधा.