चौलची वाडी, रोमची बाग

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत सेमुल्ला नावाचं बंदर येतं. बहुतेक अभ्यासक ते अलिबागजवळचं आपलं चौल मानतात. रोमन व्यापार या किनाऱ्याला पोचला, त्याच काळात इटलीत आखीव बागा भरात होत्या. ती आखणी एकट्या रोमची नव्हे. इराणच्या भिंतीआडच्या बागा, इजिप्तचे काटकोनी तलाव, ग्रीक घरांतला खांबांचा चौक आणि रोमनांची स्वतःची जमीनमोजणी, असं बरंच त्यात मिसळलं. फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखी झाडं लावण्याची रीत रोमन लेखक सिसेरो थेट इराणी राजपुत्र सायरसच्या बागेत दाखवतो. रोमन शहर पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलं. तिथे कुजलेल्या मुळांच्या पोकळ्यांत सिमेंट ओतून प्राचीन बागांच्या अभ्यासक विल्हेल्मिना जॅशेम्स्की यांनी झाडांच्या जागा शोधल्या. किती सुंदर काम!

चौल-नागावची वाडीही रांगेतच वाढते. नारळांत साधारण २५ फुटांचं अंतर, मधे पोफळी. मात्र इथली भूमिती शोभेसाठी नाही, ती पाण्याने आखलेली. पूर्वी रहाटाचं, आता पंपाचं पाणी पाटातून आळ्याआळ्यांत फिरतं. पाटाचा उतार चुकला, की शेवटच्या पोफळीचं आळं कोरडं राहतं.