उवा व त्यांचे निवारण

मनुष्याला पुरातन काळापासून उपद्रव देणाऱ्या कीटकांत उवेची गणना होते. इस्राएलमधील लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात २०१६ साली एक लहानशी हस्तिदंती फणी सापडली. ती सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची असावी, असे संशोधकांचे मत आहे. या फणीने केसांतील व दाढीतील उवा नाहीशा व्हाव्यात, अशा अर्थाची इच्छा तिच्यावर कोरलेली आहे. त्या प्रदेशात हस्तिदंत दूरदेशाहून आणावा लागे. तेव्हा ही फणी एखाद्या धनिकाचीच असणार. श्रीमंतांच्या डोक्यांतही उवा होत असत, हे यावरून दिसते.

उवा होणे हे अस्वच्छतेचे लक्षण होय, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु तो खरा नाही. ऊ तिळाएवढी असते. तिला पंख नसतात व उडीही मारता येत नाही. सहा पायांच्या नख्यांनी केस घट्ट धरून ती चालते आणि डोक्याला डोके लागले म्हणजे दुसऱ्याच्या केसांत शिरते. खेळताना व झोपताना मुलांची डोकी जवळ येतात. म्हणून त्यांच्यात उवांचा प्रसार अधिक होतो. स्वच्छ धुतलेल्या केसांतही ती सुखाने राहते. कारण तिचे अन्न मळ नसून रक्त हे आहे.

कानांमागे व मानेवर खाज सुटणे हे उवांचे चिन्ह होय. पण प्रथमच उवा झाल्या असतील, तर खाज सुटण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून अधूनमधून केस तपासावेत. ओले केस भरपूर उजेडात बारीक दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरावेत व फणी दर वेळी पांढऱ्या कापडावर पुसून पाहावी. उवेच्या अंड्याला लीख म्हणतात. कोंडा झटकला की पडतो. लीख मात्र केसाला चिकटून राहते.

ऊ एका दिवसात ८ पर्यंत अंडी घालते. ती सुमारे ७ ते १० दिवसांत फुटतात आणि बाहेर आलेली पिल्ले आणखी सुमारे १० दिवसांत मोठी होऊन अंडी घालू लागतात. औषधाने उवा मरतात, पण सर्व लिखा मरत नाहीत. एकदाच औषध लावून निश्चिंत झालेल्या घरात उवा पुन्हा दिसतात, त्याचे कारण हेच. म्हणून परमेथ्रिनसारखे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने लावावे व सुमारे ९ दिवसांनी पुन्हा लावावे. मधल्या काळात फणी नियमाने फिरवावी आणि घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत.

रॉकेल केसांना कधीही लावू नये. ते सहज पेट घेते व त्वचेचा दाह करते. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास डोळ्यांना गंभीर इजा होते.

डोक्यातील उवांमुळे रोग पसरत नाहीत. परंतु सतत खाजवल्याने जखमा होतात व झोप मोडते. इतर मुले चिडवतील या भीतीने एखादे मूल आपली खाज लपवते. त्यामुळे उपचार लांबतो आणि तेवढ्या दिवसांत उवा अनेकांच्या डोक्यांत पोहोचतात. ज्या वर्गात असे मूल निःसंकोचपणे बोलू शकते, त्या वर्गातून उवा लवकर जातात.