खेळाडूच्या आईचं तिकीट

बेळगाव सोडून बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात शिकवायला आलो, त्याला बरीच वर्षं झाली. तापीकाठचं हे गाव यंत्रमागांचं. दोन वर्षांपूर्वी आमची कबड्डीची एक मुलगी विद्यापीठाच्या संघात निवडली गेली. सामने परराज्यात होते. वडील मागावर कामाला. ते कॉलेजात आले आणि म्हणाले, "सर, पोरगी जाईल, पण तिची आई सोबत जाईल." संघाबरोबर व्यवस्थापक बाई असतात, हे सांगून पाहिलं. ते नुसते मान हलवत राहिले.

ऑफिसात विचारलं. खर्चाच्या तक्त्यात रकाने तीनच होते : खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक. लिपिक म्हणाले, "सर, आज आई, उद्या मावशी. कुठं थांबायचं?" त्यांचंही खोटं नव्हतं. शेवटी आम्ही चार-पाच जणांनी स्टाफरूममध्ये पैसे जमवले. आई गेली, मुलगी खेळली. मला वाटलं, छान झालं.

आठवड्याने दुसरी एक मुलगी वर्गाबाहेर थांबली. ती आदल्या वर्षी निवडली गेली होती, पण घरून कोणी सोबत जाऊ शकलं नाही म्हणून गेलीच नव्हती. तिने एवढंच विचारलं, "सर, माझ्या आईसाठी का नाही जमवले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्याकडे अशा वेळी 'इरली बिड्री' म्हणून विषय संपवतात. मला तो संपवता आला नाही.

अमेरिकेत या प्रश्नावर मोठं रामायण झालेलं आहे. तिथल्या कॉलेज-खेळांची एन.सी.ए.ए. ही संस्था खेळाडूच्या घरच्यांना मिळणाऱ्या फायद्यांवर कडक नजर ठेवत आली. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचा फुटबॉलपटू रेजी बुश याला २००५ची मानाची हाइझमन ट्रॉफी मिळाली. पुढे त्याच्या पालकांना एजंटांकडून बिनभाड्याचं घर मिळाल्याचं निघालं. २०१०मध्ये विद्यापीठाला शिक्षा झाली आणि त्याने ट्रॉफी परत केली. ती त्याला पुन्हा मिळाली २०२४मध्ये. एजंट घर फुकट देतो तेव्हा पुढच्या कमाईवर त्याचा डोळा असतो, त्यामुळे बंदीमागची भीती मला पटते.

पण त्याच नियमांच्या छायेत साध्या प्रवासखर्चाचीही अडचण झाली होती. जानेवारी २०१५मध्ये ओहायो स्टेट आणि ओरेगन यांच्या अंतिम सामन्याआधी पालकांचा खर्च देण्याची परवानगी मिळाली : एका पालकामागे १,२५० डॉलर, जास्तीत जास्त दोघांसाठी. रक्कम जाहीर आणि दोन्ही संघांना सारखीच. नंतर तर सगळं चित्रच बदललं. जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करता येऊ लागल्या, आणि २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना थेट खेळाडूंना पैसे देण्याची वाट मोकळी झाली.

आपल्या भागातलं उदाहरण बघायचं तर खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९५२मध्ये हेलसिंकीला निघाला तेव्हा पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य राहिलेल्या खर्डेकरांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असं सगळीकडे सांगितलं जातं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, आणि परतल्यावर कुस्त्यांचे फड लावून ते पैसे फेडले. लहानपणी ही गोष्ट ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. आता वाचताना मनात येतं, त्या वर्षी गहाण टाकायला घर नसलेल्या प्राचार्यांचे पैलवान किती असतील? आणि खर्डेकरांच्या घरच्यांना कोणी विचारलं होतं का? (आमच्या सौभाग्यवतींनी हा प्रश्न स्टाफरूमच्या वर्गणीवरूनच काढला होता, हे इथं नोंदवून ठेवतो.)

आमच्या वर्गणीत लाचेचा अंश नव्हता, तरी ती न्याय्यही नव्हती. एकीची आई गेली ती आम्हाला दया आली म्हणून. दुसरीच्या वेळी आम्हाला कळलंच नव्हतं, कारण तिने सांगितलं नव्हतं. जी मुलगी लाजरी, तिच्या आईला तिकीट नाही, असा नियम आम्ही नकळत करून बसलो होतो.

यंदा क्रीडा निधीच्या तक्त्यात चौथा रकाना मागणारं पत्र मी दिलं आहे : बाहेरगावी पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूसाठी, मागो वा न मागो, एका पालकाचं साध्या डब्याचं जाण्यायेण्याचं भाडं. लिपिकांनी पत्रावर आवक क्रमांक टाकला आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "मावशी चालेल का, सर?" त्या दुसऱ्या मुलीला आई नाही, तिला मावशीनेच वाढवलंय, हे मला तेव्हा कळलं. पत्रात 'पालक' हा शब्द खोडून 'घरचं एक माणूस' असं लिहून दिलं.