बुणगे घरी, स्वारी सडी

मोटरसायकलच्या सामानाच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, ‘किती लिटरची बॅग दाखवू?’ चाळीस, साठ, ऐंशी. एका रात्रीच्या मुक्कामासाठी डर्ट बाइकवर निघणाऱ्याने याचं उत्तर लगेच देऊ नये. बॅग ही खरेदीतली शेवटची वस्तू. रात्र कुठे आणि कोणत्या महिन्यात काढायची हे ठरलं की सामान ठरतं, आणि सामानाचं वजन व त्यातल्या सगळ्यात लांब वस्तूची लांबी कळली की बॅग आपोआप ठरते. आधी बॅग घेतली की तिच्यात रिकामी जागा दिसते आणि मग खोगीरभरती सुरू होते.

नागपूरकराला हा नाद परवडतो, कारण शहरातून कुठल्याही दिशेला निघा, तासाभरात कच्चा रस्ता सापडतो. पश्चिमेला कळमेश्वर-काटोलकडे काळी माती आणि संत्र्याच्या बागांमधल्या पांधणी. ईशान्येला रामटेककडे दख्खनचा काळा पाषाण मागे पडतो, तलाव आणि धानाच्या बांध्या लागतात. उत्तरेला सावनेर, सौंसर ओलांडून सिल्लेवानीचा घाट चढलं की सातपुडा. छिंदवाडा इथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि तामिया, पातालकोट त्याच्याही पुढे. शनिवारी सकाळी निघून रविवारी रात्री घरी जेवायला येता येईल इतकंच हे अंतर.

गाड्यांबद्दल एक खुलासा. मोटोक्रॉसच्या मैदानावर उडणाऱ्या अस्सल डर्ट बाइकला आपल्याकडे रस्त्यावरची नोंदणी मिळत नाही. तिचा मागचा सांगाडा सामानासाठी बनलेलाही नसतो. म्हणून बहुतेकांकडे डांबर आणि माती दोन्हींवर चालणारी गाडी असते. २०१९ साली हिरोची एक्सपल्स २०० आली आणि ही हौस मध्यमवर्गीय खिशात बसू लागली. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, गाडी दीडशे किलोंच्या थोडी वर आणि टाकी १३ लिटरची. एवढ्या टाकीत जाऊन-येऊन भागतं. त्यामुळे पेट्रोलचा जादा कॅन लटकवून फोटो काढायचा असेल तर गोष्ट वेगळी, एरवी त्याची गरज नाही.

सामान कमी करण्याची अक्कल आपल्याला बाहेरून शिकायला नको. मराठी घोडदळाचा दरारा होता तो सड्या स्वारांचा, आणि १७६१च्या पानिपतावर फौजेच्या पाठीशी बुणग्यांचं केवढं लटांबर होतं हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. बाहेरचाच दाखला हवा असेल तर अमेरिकेत एमा गेटवूड नावाच्या आजीबाई १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, अ‍ॅपलेशियन डोंगररांगांतली तीन हजारांहून अधिक किलोमीटरची पायवाट एकट्या चालून गेल्या. खांद्यावर घरी शिवलेली कापडी पिशवी, पायांत कॅनव्हासचे बूट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. हलक्या सामानाने फिरणारे आजही त्यांचं नाव घेतात.

आता रात्रीचा हिशेब. आपल्याकडे मुक्कामाचे खरे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नागपूर म्हटलं की लोकांना मे महिना आठवतो, पण २९ डिसेंबर २०१८ला याच शहरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. सातपुड्यातल्या उघड्या दरीत थंड हवा रात्री खाली साचते, म्हणून तळाशी तंबू लावणारा वरच्या उतारावर झोपलेल्यापेक्षा जास्त कुडकुडतो. स्लीपिंग बॅगवर दोन आकडे छापलेले असतात, एक आरामाचा आणि एक मर्यादेचा. दुकानदार दुसरा दाखवतो, आपण पहिला वाचावा. आरामाचा आकडा पाच अंशांच्या आसपास असलेली बॅग, वर कानटोपी आणि लोकरीचे मोजे, एवढ्यात इथला हिवाळा निघतो.

एकट्याचा तंबू दीड किलो. स्लीपिंग बॅग सव्वा. चटई अर्धा. एक किलो कपडे. हवेचा पंप, टायर काढायच्या पट्ट्या, पाने आणि एक ट्यूब मिळून दोन किलो. ट्यूब २१ इंचीच न्यावी, कारण अडल्या वेळी ती १८ इंची चाकातही कोंबता येते. पाणी तीन लिटर म्हणजे तीन किलो. खाण्याचं किलोभर. सगळं मिळून दहा-सव्वादहा किलो. नीट गुंडाळलं तर हे तीस-पस्तीस लिटरमध्ये मावतं, म्हणजे दुकानात सगळ्यात खाली ठेवलेल्या बॅगेत. अडतं ते तंबूच्या काठ्यांपाशी. घडी घातल्यावरही त्या बऱ्याचदा ४०-४५ सेंटीमीटर राहतात आणि बाजूच्या आखूड पिशवीत तिरप्याही जात नाहीत. खरेदीला जाताना काठ्या सोबत न्याव्यात. दुकानदार हसतो, हसू द्यावं.

या यादीत स्टोव्ह नाही, आणि ते मुद्दाम. फेब्रुवारीच्या मध्यापासून जंगलात वणव्याचा हंगाम सुरू होतो. पानझडीच्या रानात तेव्हा पाचोळा घोट्यापर्यंत असतो आणि तिथे स्टोव्ह पेटवणं म्हणजे आगीशी खेळ. स्टोव्ह, गॅसचा डबा आणि भांडी घरी राहिली तर दोन किलो वाचतात. भाकरी, ठेचा, चिवडा, चार संत्री पुरे. सकाळचा चहा आणि तर्री-पोहे पहिल्या गावात मिळतात.

झोपायचं कुठे, यावरही सामान अवलंबून आहे. अभयारण्यात आणि व्याघ्र प्रकल्पात परवानगीशिवाय शिरायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, आणि पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला ही सगळी वाघाची घरं. गावाभोवतीचं झुडपी जंगलही मोकळं माळरान नव्हे. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला वनाचाच दर्जा असल्याचं सांगितलं. म्हणून उत्तम जागा म्हणजे कुणाचं तरी शेत, मालकाला विचारून, विहिरीपासून जरा अंतरावर. ‘काहून बाप्पा, घरी खाट नाही का?’ एवढं ऐकून घ्यावं लागतं, पण पाणी मिळतं आणि कधी अंथरूणही. आकाश पाहायचं असेल तर पेंचमधल्या सिल्लारीकडे जावं. पेंचचा महाराष्ट्रातला भाग २०२४च्या जानेवारीत भारतातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. त्या बाजूला मुक्कामाची सोय असलेल्या ठिकाणी थांबलं तर तंबूही घरी ठेवता येतो आणि बॅग आणखी लहान होते.

आता बॅग. ॲल्युमिनियमच्या पेट्या दिसायला रुबाबदार, कुलूप लागणाऱ्या आणि महाग. त्या युरोपातल्या महामार्गांसाठी ठीक आहेत. कच्च्या रस्त्यावर गाडी पडणारच, आणि पाय टेकवताना पेटी मागून पोटरीवर आली तर हाड मोडू शकतं. शिवाय रिकाम्या पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकट यांचंच वजन आपल्या सगळ्या सामानाएवढं भरतं. माझं मत स्पष्ट आहे, एका रात्रीसाठी पेटी नको. कापडीच बॅग घ्यावी.

कापडी बॅगांत दोन घराणी. एक शेपटीवर, म्हणजे मागच्या सीटवर किंवा कॅरिअरवर बसणारी लांबट बॅग. दुसरी सीटवरून दोन्ही बाजूंना लोंबणारी, जुन्या पडशीसारखी. तिच्यातलाच नवा प्रकार घोड्याच्या नालेच्या आकाराचा. तो मागच्या सीटला वेढा घालून बसतो आणि त्याला लोखंडी चौकट लागत नाही.

यांतली कोणती, याचं उत्तर पहाटे रस्त्यावर दिसतं. खेड्यातून शहरात येणारा दूधवाला कॅन कधी सीटवर उभे करून बांधत नाही. ते मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, आकड्यांवर, जमतील तितके खाली आणि पुढे लटकलेले असतात. वजन खाली असलं की गाडी वळणात कलंडू पाहत नाही, हा अर्धा भाग झाला. दुसरा अर्धा कमी लोकांच्या लक्षात येतो. समजा पंधरा किलोंची बॅग मागच्या आसाच्या ३० सेंटीमीटर मागे बांधली. दोन चाकांमधलं अंतर १४१ सेंटीमीटर धरलं तर पुढच्या चाकावरचा भार जेमतेम सव्वातीन किलोंनी कमी होतो. कागदावर हे किरकोळ वाटतं. पण गाडी खड्ड्यात आपटते, रेतीत डावी-उजवी डुलते, तेव्हा त्या वजनाचा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो. त्या बॅगेचं गाडीच्या मध्यापासूनचं अंतर निम्मं केलं की विरोध चौथाईवर येतो. कन्हान नदीच्या रेतीत हँडल का लडबडतं ते इथे कळतं. म्हणून पडशी घराणं बरं, आणि तिच्यातही पाणी आणि पाने खाली-पुढे, स्लीपिंग बॅग वर-मागे. शेपटीवर ठेवायचीच तर फक्त तंबूची वळकटी.

पडशी घराण्याचे दोन शत्रू आहेत. पहिला सायलेन्सर. एक्सपल्ससारख्या गाड्यांचा तो उजवीकडे उंच चढलेला असतो आणि नायलॉन त्याच्यासमोर मेणासारखं वितळतं. उष्णतारोधक पत्रा लावावा, उजवी पिशवी लहान ठेवावी आणि डावीत थोडं अधिक भरावं. दुसरा शत्रू चाक. लोंबती पिशवी आरे आणि साखळीकडे झुकली तर प्रवास तिथेच थांबतो. इथे एक अगदी देशी वस्तू कामाला येते, साडी गार्ड. मागे बसणाऱ्यासाठी चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला असावा असा नियमच आहे. हौशी मंडळी नवी गाडी आणली की पहिल्यांदा तेच उपटून टाकतात. ते राहू द्यावं. डाव्या पिशवीला फुकटात मिळालेला आधार आहे तो. उजव्या बाजूला तशीच जाळी कुठलाही वेल्डिंगवाला चौकोनी पाइपातून करून देतो.

पाठीवर मोठी सॅक घेऊन निघणारेही पुष्कळ. उभं राहून गाडी चालवताना दर खड्ड्याला ती मान-खांद्यांवर आदळते, आणि पडलात तर तिच्यातला पाना थेट पाठीत. पाठीवर पाण्याची दोन लिटरची पिशवी, बस. टाकीवरची बॅगही लहानच हवी, नाहीतर उभं राहताना मांड्या अडतात.

कापडाचं म्हणाल तर जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा तोंड पाहावं. चेनची बॅग इथे टिकत नाही. उन्हाळी फुफाटा दात्यांत शिरतो आणि काळी माती सुकली की चेन सिमेंट झाल्यासारखी अडते. गुंडाळून बंद होणारं तोंड घ्यावं आणि निदान तीन वेढे द्यावेत, एका वेढ्याने पाणी अडत नाही. पीव्हीसीचं अस्तर असलेलं कापड जड पण चिवट असतं. वेगळी सुटी आतली पिशवी असेल तर उत्तम. बाहेरची चिखलाने माखलेली बॅग गाडीवरच राहते आणि आतली तेवढी तंबूत येते. काळी माती पाण्याने फुगणारी असते, ती पट्ट्यांच्या बकलांतही जाऊन बसते. तेव्हा प्लॅस्टिकच्या नाजूक बकलापेक्षा लोखंडी कडीतून ओवलेली साधी पट्टी बरी.

आकड्यांच्या लवचीक दोऱ्या मात्र घेऊ नयेत. आकडा सुटला तर डोळ्यावर येतो किंवा चाकात जातो. गॅसची सिलिंडरं पोचवणारे जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरतात, त्या ताणल्या तरी घट्ट राहतात आणि पंक्चरवाल्याकडे चहाच्या पैशात मिळतात. त्यांची टोकं मोकळी फडफडू न देता वेढ्याखाली खोचायची.

पैसे किती घालावेत? बंगळूरच्या व्हियाटेरा, मुंबईच्या रायनॉक्स अशा आपल्याच कंपन्या आता चांगल्या बॅगा करतात, परदेशी मालाची गरज उरलेली नाही. आणि तेवढेही घालायचे नसतील तर गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या कारागिराकडे जावं. त्याच्याकडे जाड सुईचं यंत्र असतं, रेक्झिन आणि ताडपत्री हाताळायची सवय असते. गाडी दुकानासमोर उभी करून मापं द्यावीत. पट्टीच्या टाक्यांना दुहेरी शिलाई मागावी, त्याखाली कापडाचा जादा तुकडा घालायला सांगावा आणि सायलेन्सरला कापड टेकता कामा नये म्हणून बजावावं.

बॅग बांधून झाली की मागच्या स्प्रिंगचा ताण एक-दोन घरं वाढवून घ्यावा. मग गाडीवर बसून, सोबत्याला मागून पाहायला सांगून, चाक पूर्ण दबल्यावर पिशवी कुठे घासते का ते तपासावं. निघाल्यावर पहिला थांबा दहा-पंधरा किलोमीटरवर घ्यायचा, कारण सामान तोवर बसलेलं असतं आणि प्रत्येक पट्टी बोटभर सैल झालेली असते. काटोलच्या बाजूला निघालात तर हा थांबा फेटरीच्या आसपास येतो. तिथे पट्ट्या ओढून घ्या आणि मगच डांबर सोडा.